अंगावर मांस नाही, मग लिव्हरवर चरबी कुठून आली?

कळमनुरी तालुक्यातल्या कुठल्याही गावात असा माणूस भेटेल. वय चाळीस-पंचेचाळीस. सोयाबीनची कापणी असो की हळदीची काढणी, दिवस उगवायच्या आत वावरात जाणारा. गाल बसलेले, हात काटकुळे, आयुष्यात कधी लठ्ठ न झालेला. पोटात दुखते म्हणून तो हिंगोलीला किंवा नांदेडला जाऊन सोनोग्राफी करून येतो आणि हातातल्या कागदावर 'फॅटी लिव्हर' असे दोन शब्द असतात. रक्त तपासले तर शुगरही निघते. घरचे म्हणतात, मशीन चुकली असेल. शेजारी म्हणतो, चोरून पीत असेल. एखादी म्हातारी म्हणते, मागच्या जन्मीचे भोग आहेत, फेडावेच लागतील.

आमचे म्हणणे असे आहे की ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. बहुतेक वेळा मशीन चुकलेली नसते. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाच्या लिव्हरमध्ये चरबी साचू शकते. आणि मागच्या जन्माचे म्हणाल, तर आमच्या समाजाला हजारो वर्षे दाबून ठेवण्यासाठी वापरलेले तेच जुने हत्यार आहे. आता दवाखान्याच्या कागदावरही ते चालवू द्यायचे का? तथागतांनी प्रत्येक गोष्टीमागे कारण असते, हे शिकवले. म्हणून आपण कारण शोधू. ते कारण शरीरातल्या पेशींमध्ये आहे आणि तिथून ते आपल्या मायांच्या उपाशी पोटापर्यंत जाते.

आधी चरबीबद्दलचा एक गैरसमज दूर करू. चरबी म्हणजे घाण नाही, पाप नाही आणि आळसाची शिक्षाही नाही. चरबी म्हणजे साठा. एक ग्रॅम साखर किंवा पिठातून शरीराला सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम चरबीतून ९. शिवाय चरबी साठवायला पाणी लागत नाही. लिव्हरमध्ये साखरेचा जो साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो असतो सुमारे १०० ग्रॅम आणि एक दिवसाच्या कडक उपासात जवळजवळ संपतो. पण साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात दहा-बारा किलो चरबी असेल, तर तेवढ्यावर महिनाभराहून अधिक काळ जीव तगून राहू शकतो. दुष्काळ पचवण्यासाठी निसर्गाने दिलेली ही सोय आहे.

साठा म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. पाटलाच्या वाड्यात धान्याचे पेव असे, कुळवाड्याच्या घरात कणगी असे. गावकुसाबाहेर ना पेव होते ना कणगी. तिथे मेलेल्या जनावराच्या मांसाच्या पट्ट्या कापून, दोरीवर उन्हात वाळवून, मडक्यात जपून ठेवत. त्या चान्या. पावसाळ्यात काम नसे, बलुत्याची भाकर मिळत नसे, तेव्हा त्या चान्यांवर घर चाले. मराठवाड्यातील महार-मांगांच्या या खाण्याची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात केली आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस आणि शिळे तुकडे सोडण्याची हाक दिली आणि समाजाने ती ऐकली. साठा कुणाकडे असावा, किती असावा आणि कशाचा असावा हे जात ठरवत होती. शरीरातल्या साठ्यावरही या इतिहासाची सावली पडली आहे का, हाच आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

शरीरातली कणगी म्हणजे चरबीची पेशी. कातडीखाली, मांडीत, नितंबावर, पोटाच्या आत अशा अब्जावधी पेशी असतात. पेशीच्या आत चरबीचा एकच मोठा थेंब असतो. तो इतका मोठा की पेशीचे बाकीचे सामान कडेला ढकलले जाते. या थेंबाभोवती पेरिलिपिन नावाच्या प्रथिनाचे आवरण असते. त्याला राखणदार समजा. आत काय जायचे आणि बाहेर काय यायचे, याचा हुकूम मात्र दुसरीकडून येतो.

जेवण झाले की रक्तात साखर वाढते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिन म्हणजे 'सुगी झाली, भरून ठेवा' असा निरोप. तो मिळाला की पेशीजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर एक पाचक प्रथिन जोमाने कामाला लागते, रक्तातून वाहणाऱ्या चरबीचे तुकडे करते आणि ते तुकडे पेशीत घेऊन पुन्हा जोडले जातात. त्याच वेळी इन्सुलिन बाहेर जाण्याचा दरवाजा बंद करते. भरणे आणि कुलूप लावणे ही दोन्ही कामे एकच निरोप करतो.

पोट रिकामे झाले, माणूस कामाला लागला, धावला किंवा घाबरला की उलटा निरोप येतो. इन्सुलिन उतरते आणि ॲड्रिनॅलिनसारखी संप्रेरके वर चढतात. राखणदार पेरिलिपिन बाजूला सरकते आणि चरबी फोडणारी प्रथिने थेंबावर तुटून पडतात. त्यातला पहिला घाव घालणारे प्रथिन शास्त्रज्ञांना २००४ साली सापडले. फुटलेली चरबी रक्तात येते आणि स्नायू ती जाळतात. डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या बाईच्या पायात जे बळ असते, त्यातले पुष्कळसे अशा रीतीने कणगीतून आलेले असते.

ही पेशी मुकी नाही. १९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन सापडले. चरबीच्या पेशी हे संप्रेरक रक्तात सोडतात आणि साठा किती आहे याची खबर मेंदूला देतात. साठा घटला की लेप्टिन घटते, भूक वाढते आणि शरीर खर्च आवरते. म्हणजे भूक ही फक्त जिभेची चटक नाही. तिच्यामागे पेशींचा हिशेब असतो. अर्धपोटी माणसाला जेवण दिसताच तो आधाशासारखा खातो, म्हणून त्याला हावरा म्हणून हिणवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता खरी गोष्ट. कणगीची संख्या अमर्याद नसते. २००८ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी ही संख्या मोजण्याची विलक्षण युक्ती काढली. १९५० आणि ६० च्या दशकांत महासत्तांनी अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या, तेव्हा हवेत विशिष्ट प्रकारचा कार्बन वाढला आणि अन्नावाटे माणसांच्या पेशींत उतरला. त्यावरून पेशीचे वय काढता येते. त्यातून दिसले की वयात येईपर्यंत चरबीच्या पेशींची संख्या ठरून जाते. पुढे दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. एकूण संख्या जवळजवळ तीच राहते. माणूस नंतर जाड झाला तर मुख्यतः आहेत त्याच पेशी फुगतात.

पेशी फुगण्यालाही हद्द आहे. ती ओलांडली की पेशी इन्सुलिनचा निरोप नीट ऐकत नाही. कुलूप ढिले पडते आणि सुगीच्या दिवसांतही चरबी रक्तात गळू लागते. कणगी भरून वाहू लागली की धान्य अंगणात पडते, तिथून स्वयंपाकघरात येते, ओलावा लागतो आणि सडते. शरीराचे स्वयंपाकघर म्हणजे लिव्हर. तिथे चरबी साठवायची नसते, तिथे कामे करायची असतात. लिव्हरच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त चरबी तिथे साचली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

हा नुसता तर्क नाही. जगात काही मोजकी माणसे अशी जन्मतात की त्यांच्या अंगात चरबीच्या पेशी जवळजवळ नसतातच. कणगीच नसलेली माणसे! प्रचलित समजाप्रमाणे त्यांच्याइतके निरोगी कोणी नसायला हवे. प्रत्यक्षात त्यांच्या लिव्हरमध्ये प्रचंड चरबी साचते आणि कोवळ्या वयात त्यांना मधुमेह होतो. असाच आजार असलेल्या उंदरांमध्ये चरबीच्या पेशींचे रोपण केले, तेव्हा त्यांचा मधुमेह आटोक्यात आला. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. धोका अंगावर चरबी किती दिसते यात नाही, ती चुकीच्या जागी गेली की नाही यात आहे.

लिव्हरची बाजूही समजून घेऊ. लिव्हरकडे चरबी तीन वाटांनी येते. २००५ साली अमेरिकेत फॅटी लिव्हरच्या रुग्णांवर झालेल्या एका छोट्या पण काटेकोर अभ्यासात त्याचा हिशेब लागला. लिव्हरमधली सुमारे ६० टक्के चरबी अंगातल्या पेशींतून रक्तात गळून आलेली होती. सुमारे २६ टक्के चरबी लिव्हरने स्वतः साखर-पिठापासून तयार केली होती. ताटातल्या तेला-तुपातून थेट आलेली चरबी फक्त १५ टक्के होती. म्हणून 'तेल बंद केले, तरी लिव्हर का सुधारत नाही?' या प्रश्नाचे उत्तर चहाच्या कपात आणि ढिल्या कुलपात शोधावे लागते.

साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोजचा असतो आणि त्याचा मोठा वाटा लिव्हरमध्येच पचतो. तिथे त्यापासून सहज चरबी बनते. गुळाचा चहा घेतला म्हणजे यातून सुटका झाली, असे अनेकांना वाटते. गूळही बहुतांशी साखरच आहे. लिव्हरवर त्याचा परिणाम फार वेगळा होत नाही.

इथे आणखी एक विचित्र गोष्ट घडते. इन्सुलिन लिव्हरला दोन हुकूम देते. पहिला, साखर बनवणे थांबव. दुसरा, जादा साखरेची चरबी कर. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की लिव्हर पहिला हुकूम ऐकत नाही, पण दुसरा ऐकत राहते. मालकाचा अर्धाच हुकूम पाळणाऱ्या गड्यासारखी तिची गत होते. परिणामी रक्तातली साखरही वाढते आणि लिव्हरमधली चरबीही. शुगर आणि फॅटी लिव्हर जोडीने येतात ते यामुळे.

लिव्हर आपल्याकडची चरबी गाठोडी बांधून रक्तात परत पाठवते. गाठोडे बांधायला प्रथिन लागते. १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी आफ्रिकेत, आज ज्याला घाना म्हणतात तिथे, नुसत्या मक्याच्या पेजेवर वाढलेल्या बालकांचा आजार जगापुढे आणला. हातपाय काड्यांसारखे, अंगावर सूज आणि लिव्हर चरबीने भरलेले. प्रथिनाअभावी गाठोडी बांधली जात नाहीत, हे त्याचे एक कारण मानले जाते. अतिखाण्याने लिव्हरवर चरबी येते, तशी ती अर्धपोटी राहूनही येते. म्हणून फॅटी लिव्हर हा श्रीमंतांचा आजार आहे, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांचा एक मोठा अभ्यास सुरू केला. बाई गरोदर राहण्याच्या आधीपासून तिचे वजन, आहार आणि काम यांची नोंद ठेवायची आणि पुढे तिच्या लेकरावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे. या बायका कोण होत्या? रानात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, सरासरी चाळीस-बेचाळीस किलो वजनाच्या. म्हणजे आपल्या कळमनुरीच्या शिवारात निंदायला जाणाऱ्या बायांसारख्याच.

त्यांच्या लेकरांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे सगळ्या बाजूंनी लहान असणार, असेच वाटेल. पण मोजमाप घेतल्यावर वेगळेच दिसले. बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. हाडकुळे बाळ, पण आत चरबीचे प्रमाण जास्त. २००३ साली हा निष्कर्ष जगापुढे आला आणि अशा बाळाला 'रोड-पण-चरबीदार' या अर्थाचे नाव मिळाले. त्याआधी २००२ साली पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना झाली होती. वजनाने लहान असूनही पुण्याच्या बाळांच्या रक्तात इन्सुलिन जास्त होते. म्हणजे पुढे चाळिशीत दिसणाऱ्या आजाराची तयारी पाळण्यात पडण्याआधीच सुरू झालेली होती.

हे कसे घडते? आईच्या पोटात अन्न अपुरे पडले की बाळाचे शरीर वाटणी करते. मेंदू वाचवायचा, चरबीचा थोडा साठा राखायचा आणि स्नायूंवर काटकसर करायची. गरिबाच्या घरात कर्ता माणूस असाच हिशेब करतो. पण स्नायू म्हणजे शरीरातली सर्वात मोठी भट्टी. भट्टी लहान राहिली की पुढे जरा जादा साखर-पीठ आले तरी जळत नाही. शिवाय आपल्या लोकांच्या कातडीखालच्या कणग्या लवकर भरून वाहतात, असे मत अनेक शास्त्रज्ञांनी मांडले आहे आणि त्याला आधार देणारे पुरावे मिळत आहेत. भट्टी लहान, कणगी अपुरी. उरलेले सगळे लिव्हरच्या आणि पोटाच्या वाट्याला.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांचा फोटो शेजारी-शेजारी छापून आला होता. एक डॉ. याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही, ते या एका फोटोने जगाला दाखवले.

इथे चळवळीच्या माणसाने सावध राहिले पाहिजे. कारण 'भारतीयांच्या रक्तातच हे आहे' असे म्हणून हात झटकणारे पुष्कळ आहेत. १९६२ साली जेम्स नील या शास्त्रज्ञाने 'काटकसरी जनुका'ची कल्पना मांडली. दुष्काळात तगलेल्या लोकांकडे चरबी साठवणारे जनुक असते, असे त्याचे म्हणणे. १९९२ साली इंग्लंडच्या हेल्स आणि बार्कर यांनी दुसरी मांडणी केली. जन्माने मिळालेल्या जनुकापेक्षा आईच्या पोटात आणि बालपणी मिळालेले पोषण महत्त्वाचे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी सैन्याने अन्न तोडले होते. त्या काळात पोटात असलेली बाळे पुढे मोठी झाल्यावर तपासली, तेव्हा त्यांच्यात साखर पचवण्याची शक्ती कमी आढळली. ते गोरे युरोपीय लोक होते. त्यांच्या रक्तात काय खोट होती? जनुकांचा वाटा आहेच. लिव्हरमध्ये चरबी वाढवणारा जनुकातला एक फरक २००८ साली सापडला आहे आणि तो सगळ्या वंशांत आढळतो. पण जनुक बदलता येत नाही, आईचे ताट बदलता येते. जन्मावर बोट ठेवून परिस्थिती झाकायची, हा खेळ आपण पूर्वीपासून ओळखतो.

मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला. खडी फोडणाऱ्या हातांना सुकडी मिळाली, रेशनवर लाल मिलो मिळाला. त्या खडीवर गरोदर बायाही होत्या. त्या वेळी ज्या बाया दिवसभर दगड फोडत होत्या, त्यांच्या पोटातली लेकरे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांना शुगर निघाली की 'तुम्ही गोड फार खाता' एवढेच सांगून कसे चालेल? आणि हा फक्त इतिहास नाही. आजही मराठवाड्यातून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बाया पहाटेपासून मोळ्या वाहतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले आणि पाच वर्षांखालच्या ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. दुसरीकडे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले. या दोन आकड्यांकडे दोन वेगळे प्रश्न म्हणून पाहिले जाते. आमच्या मते ती एकाच साखळीची दोन टोके आहेत.

मग ताटात काय आहे, ते पाहा. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. ते मिळालेच पाहिजे, त्याने भूक भागते. पण तांदूळ आणि गहू म्हणजे मुख्यतः पीठच. स्नायू बांधायला डाळ, अंडी, मासळी, मांस लागते. पुण्याच्या त्याच अभ्यासात ज्या बाया पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळे अधिक चांगल्या वजनाची निघाली. साठ टक्क्यांहून जास्त बायांच्या अंगात ब१२ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. असे असताना २०१५ साली राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाचे स्वस्त मांस गेले. २०२३ च्या अखेरीस शाळेच्या आहारात अंडे आले आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. लेकरांच्या ताटातले अंडे कुणाला खुपते, हे वाचकांनी ओळखावे. एका बाजूला प्रथिन काढून घ्यायचे, दुसऱ्या बाजूला पाच रुपयांचे बिस्किट आणि गोड शीतपेय वाडीवस्तीपर्यंत पोहोचवायचे. भट्टी लहान ठेवायची आणि सरपण वाढवत जायचे, असाच हा प्रकार आहे.

आता आपण काय करू शकतो? पहिले, वजनकाट्यावर विसंबू नका. एक साधा शिंप्याचा टेप घ्या आणि कमरेचा घेर मोजा. आपल्या लोकांसाठी पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटर ही हद्द मानली आहे. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असे असेल तर तपासणी करून घ्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची शुगर आणि रक्तदाब तपासण्याची सरकारी योजना आहे, आशाताई त्यासाठी घरोघर फॉर्म भरतात. फॅटी लिव्हरचा समावेशही २०२१ साली त्या राष्ट्रीय कार्यक्रमात झाला आहे. तो हक्क आहे, मागून घ्या. चरबीने लिव्हर कडक होत चालले आहे का, याचा पहिला अंदाज वय आणि रक्ताच्या तीन साध्या आकड्यांवरून काढता येतो. त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही.

दुसरे, फॅटी लिव्हर सुरुवातीच्या पायरीवर असेल तर मागे फिरते. वजन जास्त असेल तर ते ५ टक्क्यांनी जरी उतरले तरी लिव्हरमधली चरबी घटते. सत्तर किलोच्या माणसाला हे म्हणजे साडेतीन किलो. जो आधीच रोड आहे त्याने उपाशी राहू नये. त्याने साखर आणि दारू सोडावी, भाकरीबरोबर डाळ, हरभरा, शेंगदाणे, अंडे वाढवावे आणि स्नायूंना काम द्यावे. दारू न पिताही फॅटी लिव्हर होते हे खरे, पण आधीच चरबी साचलेल्या लिव्हरवर दारू म्हणजे पेटत्या घरावर रॉकेल.

तिसरे, औषधांच्या भूलथापांना बळी पडू नका. आपला जिल्हा हळदीचा. कालवणात हळद घाला, त्यात काही वावगे नाही. पण 'हळदीच्या अर्काने लिव्हर साफ' म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्यांपासून दूर राहा. अशा गोळ्यांनी लिव्हरलाच इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२२ साली प्रसिद्ध केली आहे. गंडे, दोरे, उतारे यांबद्दल तर या वाचकांना सांगायला नको.

कोसलचा राजा प्रसेनजित अतोनात जेवत असे आणि धापा टाकत तथागतांकडे आला, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तथागतांनी त्याला शाप दिला नाही, उपास लादला नाही. मात्रेने जेवण्याची आठवण दिली. राजाने आहार हळूहळू कमी केला आणि त्याचे शरीर हलके झाले. पण तो राजा होता, त्याच्या ताटात जादा होते. ज्यांच्या ताटात डाळच नाही त्यांना मात्रा शिकवण्याआधी डाळ मिळवून द्यावी लागेल. स्वतः बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मधुमेहाशी झगडत लेखन केले, धम्मदीक्षेचा सोहळा घडवला आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते आपल्याला सोडून गेले. आपल्या कार्यकर्त्यांचे शरीर हीसुद्धा चळवळीची ठेव आहे, हे आपण किती दिवस विसरणार?

म्हणून आमचे कळमनुरीच्या आणि सगळ्या मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांना सांगणे आहे. जयंतीच्या खर्चातला एक छोटा वाटा बाजूला काढा. विहारात एक टेप, एक वजनकाटा आणि एक शुगर तपासण्याचे यंत्र ठेवा. महिन्यातून एक दिवस वस्तीतल्या तिशीपुढच्या माणसांची कंबर मोजा, नोंदवही ठेवा आणि ज्यांना गरज आहे त्यांना सरकारी दवाखान्यात स्वतः घेऊन जा. ग्रामसभेत उठून विचारा की अंगणवाडीत गरोदर बाईला काय मिळते, अंडे का बंद झाले, रेशनवर डाळ आणि ज्वारी का नाही. आणि घरात सगळ्यात शेवटी, उरलेसुरले खाणारी बाई कोण आहे, ते पाहा. ती लेक असेल, सून असेल. तिला आधी वाढा, पोटभर वाढा. तिच्या ताटातली डाळ आणि अंडे हे चाळीस वर्षांनंतरच्या एका माणसाच्या लिव्हरचे औषध आहे, आणि ते आजच द्यावे लागते.